विश्लेषण : मक्का-मदिनेची पहिली छायाचित्रे कोणी टिपली? आज ती इतकी मोलाची का ठरतात?

दरवर्षी हजयात्रेचा मोसम आला की समाजमाध्यमांवर जुन्या मक्केची कृष्णधवल छायाचित्रे फिरू लागतात. डोंगरांच्या कुशीत वसलेले दगडी गाव, मधोमध काळ्या वस्त्राने झाकलेला काबा, भोवती घुमटांच्या ओवऱ्या आणि मोजकेच भाविक. २०२४मध्ये १८ लाखांहून अधिक यात्रेकरूंनी हज केली. त्या गर्दीची सवय झालेल्या डोळ्यांना ही जुनी दृश्ये अविश्वसनीय वाटतात. मात्र बहुतेक छायाचित्रांखाली साल नसते आणि छायाचित्रकाराचे नाव तर जवळपास कधीच नसते. ही छायाचित्रे कोणी, कशासाठी काढली आणि त्यातल्या एकाचे नाव शंभर वर्षे का हरवले, याचा हा वेध.

कॅमेऱ्यापूर्वी मक्का जगाला कशी दिसत होती?

मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. त्यामुळे युरोपात मक्केविषयी कुतूहल प्रचंड आणि माहिती ऐकीव अशी स्थिती शतकानुशतके होती. मुस्लीम जगात मात्र या शहरांची चित्रे प्रार्थनेच्या पुस्तकांत, यात्रेच्या प्रमाणपत्रांत आणि तुर्कस्तानातील इझनिकच्या रंगीत फरशांवर काढली जात. ती नकाशासारखी असत. कोणते दार कुठे, कोणती जागा कशासाठी हे त्यातून कळे, पण प्रत्यक्ष दृश्य कळत नसे. भारतातही या परंपरेचा उत्तम नमुना आहे. औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा हिच्या आश्रयाने साफी इब्न वली यांनी १६७६-७७मध्ये सुरतमार्गे हज केली आणि ‘अनीस अल-हुज्जाज’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या सचित्र हस्तलिखितांत जहाजे, बंदरे, तंबू आणि काबा सारे काही रंगवलेले आहे.

युरोपीयांपैकी काही जण वेश पालटून आत गेले. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड बर्टन १८५३मध्ये मुसलमान यात्रेकरू म्हणून मक्का-मदिनेत पोहोचले, पण त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. दुसरीकडे, मुस्लिमांना पवित्र असलेले जेरुसलेम सर्वांसाठी खुले होते. तेथे फ्रान्सच्या जिरो द प्रांजे यांनी १८४४मध्येच छायाचित्रे घेतली होती. छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. मक्केला कॅमेरा पोहोचायला त्यानंतर आणखी ३६ वर्षे लागली.

पहिला मान कोणाचा?

हा मान इजिप्तच्या लष्करातील अभियंता मुहम्मद सादिक बे यांच्याकडे जातो. कैरो आणि पॅरिस येथे शिकलेले सादिक बे मूळचे भूमापक. १८६१मध्ये लाल समुद्रावरील अल-वज्ह बंदरापासून मदिनेपर्यंतच्या मार्गाची पाहणी करण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले. अंतरे मोजणे, पाण्याचे साठे नोंदवणे, नकाशे काढणे हे त्यांचे काम होते. सोबत त्यांनी कॅमेराही नेला आणि मदिनेची पहिली ज्ञात छायाचित्रे घेतली. त्यात तटबंदीतले शहर आणि प्रेषितांच्या मशिदीचा घुमट व मिनार दिसतात.

मक्केची संधी त्यांना १८८०मध्ये मिळाली. त्या वर्षी इजिप्तहून निघणाऱ्या अधिकृत यात्रेचे ते खजिनदार होते. इजिप्तमधून दरवर्षी ‘महमल’ म्हणजे उंटावरची सजवलेली, मेण्यासारखी रिकामी अंबारी मिरवत मक्केला जाई आणि काबावर चढवायचे नवे वस्त्र, किस्वा, याच यात्रेसोबत पाठवले जाई. हिशेब सांभाळता सांभाळता सादिक बे यांनी मक्केतील मशीद, काबा, शहराचे विस्तीर्ण दृश्य, मिना आणि अराफात येथील यात्रेकरूंचे तळ टिपले. १८८१मध्ये व्हेनिस येथील भौगोलिक परिषदेच्या प्रदर्शनात या छायाचित्रांना सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी त्यांचे या प्रवासावरचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आशिया-आफ्रिकेतील बहुतेक तीर्थक्षेत्रांची पहिली छायाचित्रे युरोपीयांनी काढलेली आहेत. मक्का-मदिना त्याला अपवाद. प्रवेशबंदीमुळे या शहरांकडे कॅमेऱ्यातून पाहणारी पहिली नजर तिथे नमाज पढणाऱ्या माणसाची होती.

तेव्हा छायाचित्र काढणे किती अवघड होते?

सादिक बे वापरत ती पद्धत ‘ओल्या काचेची’ होती. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि प्रकाश दाखवून लगेच अंधारात धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. काच वाळली की काम संपले. हिजाझच्या उन्हात ती नेहमीपेक्षा लवकर वाळणार हे उघड आहे. म्हणजे जिथे छायाचित्र घ्यायचे तिथे काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, जड काचा आणि स्वच्छ पाणी हवे. आणि पाणी ही तर त्या वाटेवरची सर्वांत दुर्मीळ वस्तू.

शिवाय, प्रकाश काही सेकंद द्यावा लागे. त्यामुळे हलणारी माणसे पुसट होत, स्थिर असलेली स्पष्ट उमटत. जुन्या छायाचित्रांत काबाभोवती नमाजासाठी रांगेत उभे असलेले वा बसलेले लोक ठळक दिसतात, प्रदक्षिणा घालणारे मात्र धुरकट रेषांसारखे दिसतात किंवा दिसतही नाहीत. मक्का तेव्हा ओस असे, असा निष्कर्ष अशा छायाचित्रांवरून काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. १८८०च्या दशकात आधीच लेप दिलेल्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हे काम बरेच सुकर झाले.

हुरग्रोन्ये प्रकरण काय आहे?

क्रिस्टियान स्नूक हुरग्रोन्ये हे नेदरलँड्सचे अरबीचे अभ्यासक. ते १८८४मध्ये जेद्दाला आले. त्यांनी इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले, ‘अब्दुल गफ्फार’ हे नाव घेतले आणि १८८५च्या फेब्रुवारीत कॅमेऱ्यासह मक्केत प्रवेश केला. तेथील विद्वान, व्यापारी आणि सामान्य लोकांमध्ये ते सुमारे सहा महिने राहिले. पण अरबस्तानातील तायमा येथील एका प्राचीन शिलालेखाच्या मालकीवरून फ्रेंचांशी वाद उद्भवला, त्यात त्यांचे नाव वृत्तपत्रांत आले आणि उस्मानी अधिकाऱ्यांनी त्यांना ऑगस्टमध्ये शहर सोडायला लावले. हज अवघ्या काही आठवड्यांवर आली होती. ज्या सोहळ्याचा अभ्यास करायला ते आले, तो त्यांना पाहताच आला नाही.

मग त्यांच्या १८८८-८९मधील प्रसिद्ध पुस्तकांत आणि चित्रसंग्रहांत हजची छायाचित्रे आली कुठून? त्याचे उत्तर आहे, मक्केतील एक डॉक्टर. योगायोगाने त्यांचेही नाव अब्दुल गफ्फार, सय्यद अब्दुल गफ्फार. औषधोपचारांपासून घड्याळदुरुस्तीपर्यंत अनेक कामांत त्यांचा हात चाले. हुरग्रोन्ये त्यांच्याकडे राहिले होते, त्यांना कॅमेरा वापरायला शिकवले होते आणि जाताना आपली सामग्री त्यांच्याकडे ठेवली होती. पुढची काही वर्षे या डॉक्टरांनी काबाभोवतीची नमाज, मिना व अराफातचे तळ, शहरातील प्रतिष्ठित यांची छायाचित्रे घेऊन नेदरलँड्सला पाठवली. मक्केच्या रहिवाशाने मक्केची काढलेली ही पहिली ज्ञात छायाचित्रे आहेत.

मग त्यांचे नाव का हरवले?

सय्यद अब्दुल गफ्फार आपल्या छायाचित्रांवर अरबीत सही करत. ‘मक्केचे वैद्य’ ही ओळखही त्यात असे. १८८९च्या संग्रहात ही छायाचित्रे छापताना त्या सह्या काढून टाकण्यात आल्या. प्रस्तावनेत एका मक्कावासी डॉक्टरचा उल्लेख आला, पण नावाने नव्हे. दोघांचे नाव एकच असल्याने गोंधळात आणखी भर पडली. परिणामी विसाव्या शतकात बराच काळ ही सारी छायाचित्रे हुरग्रोन्ये यांचीच मानली गेली. लायडन विद्यापीठात जतन केलेल्या मूळ प्रतींवरील सह्या अभ्यासकांनी वाचल्यावर श्रेय दुरुस्त होऊ लागले. पण आजही अनेक ठिकाणी जुनीच ओळ छापली जाते.

नावाचा प्रश्न कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूलाही आहे. हुरग्रोन्ये यांच्या संग्रहात जेद्दातील डच वकिलातीत घेतलेली यात्रेकरूंची समूहचित्रे आहेत. जावा, सुमात्रा आणि इतर बेटांवरून आलेली ही माणसे आयुष्याची पुंजी खर्चून, समुद्र ओलांडून आलेली. चित्राखाली मात्र ते कोणत्या प्रदेशाचे एवढेच लिहिलेले. छायाचित्रकार निनावी आणि छायाचित्रातला माणूसही निनावी, अशी ही दुहेरी पुसट नोंद आहे.

युरोपीय सत्तांना हजमध्ये एवढा रस का होता? मुंबईचा काय संबंध?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील मुस्लिमांचा मोठा भाग ब्रिटिश, डच आणि फ्रेंच अमलाखाली होता. वाफेच्या जहाजांमुळे आणि १८६९मध्ये सुरू झालेल्या सुएझ कालव्यामुळे यात्रेकरूंची संख्या वाढली. राज्यकर्त्यांना दोन धास्ती होत्या. पहिली साथरोगांची. १८६५च्या हजमध्ये पटकीने सुमारे १५ हजार यात्रेकरू दगावल्याचा अंदाज आहे आणि तेथून साथ युरोपात पसरली. त्यानंतर १८६६मध्ये कॉन्स्टंटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पुढे भारतातून येणाऱ्या यात्रेकरूंना लाल समुद्रातील कामरान बेटावर विलगीकरणात थांबावे लागे. दुसरी धास्ती राजकीय होती. मक्केत देशोदेशीचे मुस्लीम भेटतात, तेथे वसाहतींविरुद्ध खलबते होतील, अशी भीती होती. हुरग्रोन्ये यांच्या मक्का-मुक्कामाला डच सरकारचे पाठबळ होते आणि पुढे आचेच्या युद्धात ते डच वसाहती सरकारचे सल्लागार झाले. अभ्यासासाठी काढलेल्या छायाचित्रांकडे पाहताना ही बाजू नजरेआड करता येत नाही.

भारतातून हजला जाणाऱ्यांचे मुख्य बंदर आधी सुरत होते, नंतर मुंबई झाले. यात्रेकरूंची लूट आणि जहाजांतील दाटीवाटीच्या तक्रारी वाढल्यावर भारत सरकारने १८८६मध्ये थॉमस कुक कंपनीकडे हजप्रवासाची व्यवस्था सोपवली, पण काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे मुंबईच्या मुघल लाइनची जहाजे हा प्रवासाचा आधार ठरली. क्रॉफर्ड मार्केट परिसरातील मुसाफिरखान्यात देशभरातून आलेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत राहत. मुंबई-जेद्दा हजची जहाजे १९९५पर्यंत सुरू होती. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांत आजी-आजोबांच्या ‘जहाजाच्या हज’च्या आठवणी अजून सांगितल्या जातात.

भारतीय छायाचित्रकारांचा वाटा काय?

दिल्लीच्या चांदणी चौकात एच. ए. मिर्झा अँड सन्स नावाची छायाचित्रकारांची पेढी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पेढीने मक्का आणि मदिनेची छायाचित्रे घेतली आणि ती पोस्टकार्डांच्या रूपात विकली. सादिक बे यांची छायाचित्रे परिषदांत गेली, हुरग्रोन्ये यांची ग्रंथालयांत. मिर्झांची मात्र घरांत पोहोचली. हजहून परतलेल्याला आठवण म्हणून आणि जाऊ न शकलेल्याला दर्शन म्हणून असे कार्ड घेता येत होते. पवित्र स्थळाचे छापील चित्र सामान्य माणसाच्या भिंतीवर येण्याची ही सुरुवात होती.

याच काळात उस्मानी सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी साम्राज्यभरातील छायाचित्रांचे शेकडो संग्रह तयार करून घेतले. त्यात सुमारे ३६ हजार छायाचित्रे आहेत. दमास्कस ते मदिना ही १,३०० किलोमीटरची हिजाझ रेल्वे १९००मध्ये सुरू होऊन १९०८मध्ये मदिनेला पोहोचली. तिच्यासाठी भारतीय मुस्लिमांनीही वर्गणी दिली होती. दमास्कसहून उंटांच्या तांड्याने सुमारे ४० दिवसांची वाट रेल्वेने तीन दिवसांवर आली. रेल्वेच्या बांधकामाची छायाचित्रे म्हणजे सुलतान हाच पवित्र शहरांचा सेवक, हे जगाला सांगण्याचे साधनही होते.

इजिप्तचे इब्राहिम रिफत पाशा १९०१, १९०३, १९०४ आणि १९०८ अशा चार यात्रांत अधिकारी म्हणून गेले. त्यांचा ‘मिरात अल-हरमैन’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९२५मध्ये प्रसिद्ध झाला. शेकडो छायाचित्रांनी भरलेला हा ग्रंथ त्या काळातील हजची सर्वांत तपशीलवार चित्रमय नोंद मानला जातो.

धर्माचा आक्षेप नव्हता का?

होता आणि मतभेदही होते. सजीवांच्या प्रतिमा काढण्याला अनेक धर्मपंडितांचा विरोध होता. छायाचित्र हे हाताने काढलेले चित्र आहे की आरशातल्या प्रतिबिंबासारखे आहे, यावर बरीच चर्चा झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी पूजेचा हेतू नसलेल्या प्रतिमांबाबत उदार भूमिका घेतली. त्यांच्या वर्तुळातील मुहम्मद अली सौदी या इजिप्शियन अधिकाऱ्याने १९०४ आणि १९०८च्या हजची छायाचित्रे घेतली. मशिदीच्या आवारात उघडपणे कॅमेरा लावणे तेव्हा सोपे नव्हते. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, फक्त त्याचे स्वरूप बदलले आहे. २०१७मध्ये सौदी सरकारने दोन्ही पवित्र मशिदींत छायाचित्रणाला बंदी करणारा आदेश काढला. प्रत्यक्षात मोबाइलवरचे छायाचित्रण थांबलेले नाही.

ही छायाचित्रे आज मोलाची का?

कारण त्यात दिसणारे बरेच काही आता अस्तित्वात नाही. मदिनेतील जन्नत अल-बकी या कब्रस्तानातील प्रेषितांच्या नातलगांच्या कबरींवरचे घुमट १९२५-२६मध्ये सौदी राजवट येताच पाडण्यात आले. कबरींवर इमारती बांधणे धर्मसंमत नाही, ही त्यामागची भूमिका. ते घुमट कसे होते, हे आता मुख्यतः जुन्या छायाचित्रांतूनच कळते. १९५०च्या दशकापासून यात्रेकरूंच्या वाढत्या संख्येसाठी दोन्ही मशिदींचा अनेकदा विस्तार झाला. २००२मध्ये काबाच्या मशिदीसमोरच्या टेकडीवरील उस्मानी काळातील अजयाद किल्ला टेकडीसह हटवला गेला. तुर्कस्तानने त्याचा तीव्र निषेध केला. त्या जागी आज ६०१ मीटर उंच घड्याळ मनोऱ्याचे संकुल उभे आहे. सुमारे १३ मीटर उंचीचा काबा एकेकाळी भोवतालच्या घरांत उठून दिसे, आता तो मनोऱ्यांच्या तळाशी आहे.

विस्ताराच्या बाजूनेही सबळ कारणे आहेत. लाखो लोक एकाच वेळी सुरक्षितपणे फिरू शकतील एवढी जागा जुन्या आवारात नव्हती. पण वारसा जपून ही सोय करता आली असती का, हा प्रश्न मुस्लीम जगातील वास्तुविशारद सातत्याने विचारत आले आहेत. सौदी वास्तुविशारद सामी अंगावी यांनी १९७०च्या दशकात हज संशोधन केंद्र उभारून जुन्या वास्तूंची नोंद करण्याचा प्रयत्न केला. अशा वादात छायाचित्र हे मत नसते, पुरावा असतो.

व्हायरल छायाचित्राचा काळ कसा ओळखावा?

काही खुणा उपयोगी पडतात. काबाभोवती छोट्या मंडपांसारख्या इमारती दिसल्या तर छायाचित्र जुने आहे. सुन्नी पंथाच्या चार विधिपरंपरांचे इमाम तेथे नमाजाचे नेतृत्व करत. सौदी काळात एकाच इमामामागे नमाज सुरू झाली आणि पुढे या इमारती काढण्यात आल्या. काबाजवळ एकटी उभी असलेली दगडी कमान म्हणजे बाब बनी शैबा. तीही विस्तारकामात गेली. टेकडीवर किल्ला असेल तर छायाचित्र २००२पूर्वीचे. बकीत घुमट असतील तर १९२६पूर्वीचे. उंटांवर दोन्ही बाजूंना लोंबणारे झाकलेले पाळणे म्हणजे ‘शुगदुफ’ दिसले तर ते मोटारीपूर्वीच्या प्रवासाचे चित्र असण्याचीच शक्यता अधिक.

काबाभोवती पाण्यात पोहणाऱ्या माणसांचे छायाचित्रही दरवर्षी फिरते. ते बनावट वाटते, पण खरे आहे. १९४१मध्ये सलग पावसाने मक्केत पूर आला होता, तेव्हाचे ते दृश्य आहे. याउलट, १८८०च्या दशकातील म्हणून फिरणाऱ्या कित्येक छायाचित्रांवर ‘हुरग्रोन्ये’ असा शिक्का असतो. त्यातली हजची चित्रे असतील, तर ती घेणारा माणूस बहुधा दुसराच आहे. तो मक्केत डॉक्टर होता आणि त्याचे नाव सय्यद अब्दुल गफ्फार होते.